चामडं आत, माती बाहेर : बेळगावच्या एका वाचनालयातील प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

वाचनालयाच्या कार्यकारिणीचं पत्र आलं. रस्त्याकडची कुंपणभिंत आमच्या गटाला ‘सुशोभीकरणासाठी’ द्यायचं ठरलं आहे. गटात आम्ही तिघं: मी चित्रकार, एक जण जुन्या बांधकामातला जाणकार, आणि एक मैत्रीण निपाणी-चिकोडी भागात बायकांच्या बचत गटांबरोबर काम करणारी. सुशोभीकरण हा शब्द तिघांनाही खटकला. भिंत छान दिसावी एवढ्यासाठी हे काम हातात घेतलेलं नाही. शंभर वर्षांहून जुन्या या संस्थेत ज्यांचं पाऊल कधी पडलं नाही, त्यांचं काम आणि ती माणसं इथं यावीत, ही मूळ मागणी होती. पत्राच्या उत्तरात तेच पुन्हा लिहिलं.

दुपारी भिंत पाहिली. चिऱ्याची आहे, वर चुन्याचा गिलावा, आणि त्यावर मागे कधीतरी मारलेला ऑइलपेंट. आत ओल कोंडून गिलावा जागोजागी फुगलाय. आपल्याकडे मृगापासून पुढे तीन-चार महिने अशी भिंत भिजलेलीच असते. तिच्यावर ॲक्रिलिकनं कितीही सुंदर चित्र काढलं तरी पोपडे धरणारच. म्हणून रंग नको. भाजलेल्या मातीच्या फरश्या बसवाव्यात, असा विचार पुढे आला.

मग आतलं वाचन दालन. दोन खिडक्यांमधल्या भिंतींवर तसबिरी आहेत: माजी अध्यक्ष, देणगीदार, साहित्यिक. हातानं काम करून पोट भरणाऱ्या कुणाचीही तसबीर नाही, आणि अशा कुणाच्या हातची वस्तूही नाही.

१४ नोव्हेंबर

कलाकार निवडायचे कसे, यावर कार्यवाहांशी बोलणं झालं. ते म्हणाले, रीतसर जाहिरात द्या, अर्ज मागवा. बेळगावची चित्रकलेची परंपरा मोठी आहे हे खरंच. के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे घडले, आणि त्या वळणाचे चित्रकार आजही शहरात आहेत. त्यांनी अर्ज केले तर ते उत्तमच असतील. पण चप्पल शिवणाऱ्या बाईला ही जाहिरात आपल्यासाठी आहे असं वाटणारच नाही, कारण तिला कलाकार म्हणून कुणी हाक मारलेली नाही. त्यामुळे आपणच तिच्या घरी जायचं, हे आम्ही धरून ठेवलं.

कार्यवाहांना दोन उदाहरणं दिली. लॉस एंजेलिसमध्ये जुडी बाका यांनी १९७६ पासून पूर-कालव्याच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवला, तेव्हा हाताखाली वस्तीतली पोरं घेतली. त्यातली कित्येक पोलिसांच्या यादीतली होती, आणि त्यांना कामाचे पैसे मिळाले. बंगळूरचा अरवानी आर्ट प्रोजेक्ट २०१६ पासून तृतीयपंथी स्त्रियांना बरोबर घेऊन भिंती रंगवतो आहे. दोन्हीकडे त्या माणसांची चित्रं काढून थांबले नाहीत, ब्रश त्यांच्याच हातात दिला. कार्यवाहांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘चारच गट घ्या, जास्त पसारा नको,’ म्हणाले. हे मान्य.

चार गट: निपाणी भागातले चप्पल करणारे, खानापूरचे कुंभार, वडगाव-खासबागचे विणकर आणि यल्लम्माच्या जोगतिणी.

२० नोव्हेंबर, निपाणी

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या कामाला दिशा इथं मिळाली.

ज्या घरी गेलो तिथं चार पिढ्या कोल्हापुरी चप्पल करतात. नाव कोल्हापुरी असलं तरी ही चप्पल निपाणी-अथणीच्या बाजूलाही पूर्वीपासून होते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्राचे, आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे कर्नाटकाचे. १९५६ साली नकाशावर रेघ पडली, पण हे हुन्नर दोन्हीकडे राहिलं. सरकारी कागदावर दोन्ही बाजू एकत्र असण्याची अशी उदाहरणं आपल्या भागात फार नाहीत.

तळाला म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवण. तळ कापणं, रापी चालवणं पुरुषांकडे. वरची वेणी, गोंडे, नाजूक शिवण बायकांकडे. घरातल्या थोरल्या मावशींनी बोलता बोलता बकऱ्याच्या चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालून दाखवली. बोटं इतकी सहज चालत होती की मला रेखाटायला पान पुरेना. प्रत्येक घराची वेणी थोडी वेगळी असते, आणि वेणीवरून चप्पल कुणाच्या हातची ते त्यांना ओळखू येतं. दुकानात पोचेपर्यंत ही ओळख पुसली जाते. खोक्यावर नाव दुकानदाराचं.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. १९२५ च्या एप्रिलात ते परिषदेसाठी निपाणीला आले होते, ही गोष्ट या घरात आजोबांपासून सांगितली जाते. मावशी म्हणाल्या, ‘बाबासाहेब सांगून गेले शिका म्हणून. पोरं शिकली. पण बेळगावच्या वाचनालयात मी काय करू जाऊन? मला वाचाला येत न्हाई.’

मी भिंतीचं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न कामाचा विचारला: ‘बाहीर लावणार? आषाढात चामड्याला बुरशी धरतंय की वो. चामडं घरात राहतंय. आत जागा असंल तर सांगा.’

परत येताना गाडीत आम्ही तिघंही याच वाक्यावर बोलत होतो. आत जागा हवी, ही मागणी आम्ही तत्त्व म्हणून मांडत होतो. त्यांनी ती चामड्याच्या स्वभावावरून मांडली. आणि ती खोडून काढणं जास्त अवघड आहे.

२४ नोव्हेंबर

कार्यकारिणीसमोर प्रस्ताव ठेवला: कुंभारांच्या फरश्या बाहेरच्या भिंतीवर, आणि वाचन दालनात, तसबिरींच्या रांगेतच, वेण्यांचं सात फूट उंच विणकाम.

शांतता. मग एक ज्येष्ठ सदस्य बोलले. सरस्वतीच्या फोटोसमोर चामडं नको, चपला तर आपण बाहेर काढून येतो. दुसऱ्या एकांनी तोड सुचवली: मातीच्याच चपला करून बाहेरच्या भिंतीवर लावा, म्हणजे त्यांचा मानही राहील. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं असं मला वाटतं, तरीही ऐकताना त्रास झाला. ज्यांचं आयुष्य चामड्यात गेलं त्यांना माती वापरायला सांगायची, आणि तीही उंबऱ्याबाहेर!

ग्रंथपाल ताई उठल्या. दालनातल्या कपाटातून जुन्या चामडी बांधणीचे ग्रंथ काढून त्यांनी टेबलावर ठेवले. दीडशे वर्षांपूर्वीचे, पाठीवर सोनेरी अक्षरं. ‘हे रोज हाताळतो आपण,’ एवढंच म्हणाल्या.

मतदान झालं. प्रस्ताव थोडक्या मतांनी मंजूर. अट एकच: वास येऊ नये.

अंदाजपत्रकात ‘मजुरी’ असं एक सदर होतं, तेही आज बदलून घेतलं. चित्रकाराला दिवसाचं जे मानधन तेच वेणी घालणाऱ्या बाईला, तेच कुंभाराला, तेच गाणाऱ्या जोगतिणीला. प्रवासखर्च वेगळा. खजिनदारांना लेखापरीक्षणाची काळजी होती, तिघांनी बसून मसुदा करून दिला.

३ डिसेंबर, खानापूर

खानापूरची माती चांगली म्हणून कौलं आणि भांडी इथं पूर्वीपासून होतात, खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही इथंच आहे. ज्यांच्याकडे काम दिलंय ते मामा फरशीचा आकार ऐकून म्हणाले, फूटभर चौरस ठीक, त्याहून मोठी वाकते. मातीत जुन्या भाजक्या कौलांची भुकटी मिसळायची, म्हणजे चिरा कमी पडतात. वाळताना आणि भाजताना मिळून फरशी साधारण दहाव्या हिश्शानं आटते, ते माप आधीच धरायचं.

फरशीवर काय असावं? मी रेखाटनं नेली होती. मामांनी ती बघितली, बाजूला ठेवली, आणि ओल्या मातीत स्वतःची थापी दाबली. थापीचा ठसा उठला, लाकडाच्या रेषांसकट. ‘असं करूया की. ज्याचं हत्यार त्यानं दाबायचं.’

रेखाटनं बंद. चारही गटांची अवजारं आणि हात, त्यांचेच ठसे. हे फार चांगलं सुचलं त्यांना.

९ डिसेंबर

कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथं बेळगावात सुरू. बंदोबस्त, बंद रस्ते. रस्त्याकडे परांची बांधायला महिनाअखेरपर्यंत परवानगी नाही. आतून ऑइलपेंट खरवडण्याचं काम चालू ठेवलंय.

१८ डिसेंबर

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सौंदत्तीच्या यात्रेहून जोगतिणी परतल्या, तेव्हा आज भेट झाली. पाच जणी होत्या, त्यात एक जोगप्पा, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली तृतीयपंथी. बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. गाणीही तशीच, एकच आक्का एका दारात कन्नड पद म्हणते आणि पुढच्या दारात मराठी.

देवाला मुली सोडण्याची प्रथा कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंद झाली, आणि ती बंदच राहायला हवी याबद्दल या बायकांच्या मनात काहीही शंका नाही. त्यांच्यातल्या दोघींनी लेकींना हट्टानं शाळेत घातलंय. पण गळा आणि चौंडकं हे वाद्य त्यांचं स्वतःचं आहे, ते प्रथेबरोबर गाडून टाकावं असं त्यांना वाटत नाही. तृतीयपंथी लोककलाकार मंजम्मा जोगती यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला आणि त्याआधी त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, हे जोगप्पांनी दोनदा सांगितलं.

त्यांच्या अटी लिहून घेतल्या. आमचे चेहरे लावायचे नाहीत. मळवट भरलेली जोगतीण, मोकळे केस, असलं चित्र कुठंच नको. लोक येऊन फोटो काढतात आणि निघून जातात. चौंडक्याचा ठसा घ्या, परडीचा घ्या. गाणं विचारल्याशिवाय मोबाइलवर घ्यायचं नाही. आणि शेवटची, थोरल्या आक्कांची: ‘जोगवा मागत दारोदारी गातोच आम्ही. दारात गाऊन परत पाठवणार असाल तर बोलवू नका. आत बसवून ऐकणार काय?’

दालनात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. ग्रंथपाल ताईंनी तोडगा काढला: महिन्यातून एकदा, संध्याकाळी सातनंतर, वाचन संपल्यावर, दालनातच.

२७ डिसेंबर

काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीसाठी शहरभर रोषणाई आहे. काल रात्री डॉ. मनमोहन सिंग गेले, आजची सभा रद्द. काम बंद ठेवलं.

१९२४ चं बेळगावचं अधिवेशन गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. त्याबद्दल या आठवड्यात पुष्कळ लिहून आलं. मला त्यातली गंगूबाई हनगळांची गोष्ट सारखी आठवते. अकरा वर्षांच्या त्या, तिथं स्वागतगीत गायल्या. पुढे त्या सांगत की मनात गाण्यापेक्षा मोठी धास्ती वेगळीच होती: आपली जात पाहून जेवणानंतर उष्टी पानं उचलायला तर लावणार नाहीत? मंचावर बोलावलेल्या मुलीच्या मनातही ही भीती होती. आम्ही बोलावलेल्या माणसांच्या मनात काय चाललं असेल, हे आम्हाला त्यांना विचारावं लागेल. चहा कुठल्या कपातून दिला जातो, बसायला काय दिलं जातं, शिपाई दारात काय विचारतो, यावर उद्घाटनाच्या आधी वाचनालयाच्या सेवकांबरोबर बैठक घ्यायची. तारीख ठरवली.

६ जानेवारी २०२५

पहिली भट्टी निघाली. थोड्या फरश्या तडकल्या, बाकी सुरेख. रापी, आरी, थापी, चौंडक्याचं तोंड, परडीची विण. विणकरांनी मागावरचा धोटा आणि फणी आणली होती. धोटा आजोबांच्या काळचा, ओल्या मातीत द्यायला मन होईना, म्हणून आधी त्याचा साचा काढला. फणीचा ठसा सगळ्यांत देखणा उठलाय, उन्हात तिरपं पाहिलं की दात मोजता येतात.

१८ जानेवारी

निपाणीहून वेण्या आल्या. थोरल्या मावशी, त्यांच्या दोन सुना आणि शेजारच्या घरातल्या तिघी, अशा मिळून दालनातच बसून जोडकाम करताहेत. वाचायला येणारे सभासद पहिल्या दिवशी लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त शिक्षक खुर्ची ओढून जवळ बसले आणि हिरड्याबद्दल विचारू लागले. मावशींनी त्यांना कमावणीची सगळी पद्धत सांगितली, मग त्यांनी वही काढली.

वास येतो. तेलाचा आणि सालीचा. तक्रार आलीच. खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखे चालू. महिन्याभरात उतरेल असं मावशी म्हणतात. मला तो वास आवडतो, आणि तो पूर्ण जाऊ नये असं मनापासून वाटतं.

३० जानेवारी

फरश्या बसल्या. चुन्याचाच माल, वर पाऊस अडवायला चिऱ्याची वळचण. सगळ्यांत खालची ओळ मुद्दाम हाताला येईल अशी.

नावांची पाटी: कन्नड वर, मराठी खाली, दोन्ही लांबून वाचता येतील अशी. पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा नियम त्यात पाळला जातो. प्रत्येक करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव. ‘स्थानिक कारागीर’ असा एकगठ्ठा उल्लेख कुठंही नाही.

९ फेब्रुवारी

उद्घाटन. माघी पौर्णिमेला जोगतिणी पुन्हा सौंदत्तीला जाणार, म्हणून आजचा रविवार. फीत नाही, मंचही नाही. दालनात सतरंज्या घातल्या आणि सगळे एकाच पातळीवर बसले.

अंध मुलांच्या शाळेतली मुलं सकाळीच आली होती. खालच्या ओळीवर हात फिरवत एक मुलगी फणीपाशी थांबली आणि कंगवा म्हणाली. विणकर काका शेजारीच होते. त्यांनी खरी फणी तिच्या हातात दिली, दोऱ्याचा एक पदर तिच्याकडून ओवून घेतला, मग ती पुढे सरकली.

संध्याकाळी आक्का गायल्या. दालन पूर्ण भरलं होतं, मागे लोक उभे. नोव्हेंबरात चामड्याला विरोध करणारे ज्येष्ठ सदस्य आले होते. त्यांनी वेण्यांच्या कामाला हात लावला नाही, पण ते त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि गाणं संपेपर्यंत बसले. त्यांचं मत बदललं असं मी लिहिणार नाही. ते आले, याची नोंद करते.

२५ फेब्रुवारी

भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेपलीकडे जायच्या थांबल्या आहेत. कागल-गडहिंग्लज बाजूचे चप्पल करणारे आज बघायला येणार होते, येता आलं नाही. फोनवर मावशींनीच त्यांना भिंतीचं वर्णन सांगितलं.

थोरल्या आक्कांची नात मात्र आली, सातवीत आहे, कन्नड शाळेत. ग्रंथपाल ताईंकडे तिनं कन्नड गोष्टींची पुस्तकं मागितली. ती इथं नाहीतच. सीमाभागात मराठी वाचनालय टिकवणं किती कष्टाचं आहे हे मला ठाऊक आहे. कार्यकारिणीतल्या अनेकांनी त्यासाठी आयुष्य घातलंय आणि त्यांची भीती खोटी नाही. तरीही एक फळी कन्नड बालपुस्तकांची असावी, असं मी लेखी दिलं. ज्या मुलीच्या आजीला आपण आत बसवलं, तिला पुस्तकाविना परत पाठवायचं कसं? उत्तर आलं: खरेदी नाही, देणगी मिळाली तर ठेवू. देणगीच्या मागे लागलोय.

१६ मार्च

नोंदवहीचा प्रश्न. लेखनिकांनी वेण्यांचं काम डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, पंखे आणि खुर्च्यांच्या खाली, ‘चामडी पडदा, नग १’ असं चढवलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही, तसबिरीही त्याच वहीत आहेत. पण डेडस्टॉकमधली वस्तू जुनी झाली की निर्लेखित करून विकता येते. म्हणून कलासंग्रहाची वेगळी वही उघडायला लावली. पहिल्या पानावर सहा बायकांची नावं, साहित्य, वर्ष, आणि दुरुस्ती फक्त त्यांनीच करायची अशी नोंद. दर वर्षी पावसाळ्याआधी तेल द्यायला त्या येतील, त्याचं मानधन वार्षिक खर्चात धरलंय. तसबिरीही याच वहीत घ्याव्यात अशी शिफारस केली.

सभासदत्वाची अट शिथिल झाली: दोन जुन्या सभासदांची शिफारस आता लागत नाही, अनामत हप्त्यानं भरता येते. संध्याकाळी साडेआठपर्यंत दालन उघडं ठेवणं जूनपर्यंत प्रायोगिक. तंबाखूच्या वखारीत आणि मागावर काम करणाऱ्यांना सातच्या आत येणं शक्य नसतं, हे हजेरीच्या वहीवरून दाखवता येईल. ती वही रोज भरली जाते आहे.

राहिलेला विषय निवड समितीचा. पुढचं काम कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीत कारागिरांना दोन जागा, असा ठराव वार्षिक सभेत मांडणार आहोत. थोरल्या मावशी आता सभासद आहेत, पण नियमाप्रमाणे मताचा हक्क वर्षानंतर. त्यामुळे यंदा सूचक मी, अनुमोदक ते निवृत्त शिक्षक. ठरावाचा मसुदा मावशींना वाचून दाखवायला परवा निपाणीला जायचं आहे. त्यांनी काही बदल सांगितले तर ते घालून मगच सही.